नवं सोशल मीडिया अ‍ॅप आलंय: धंद्यासाठी त्यावर लवकर कसं जायचं, आणि कधी निघायचं

२९ जून २०२० ला केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली. पुढच्या काही दिवसांतच इन्स्टाग्रामचं रील्स भारतात आलं, मोज, जोश आणि एमएक्स टकाटक ही देशी अ‍ॅप उभी राहिली आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची पहिली चाचणी भारतातच सुरू केली. एकाच पावसाळ्यात छोट्या व्हिडिओंसाठी पाच नव्या जागा! रील्स आणि शॉर्ट्स आज घराघरात पाहिले जातात. टकाटक २०२२ मध्ये मोजच्या मालकांकडे गेलं. मराठीतही चालणारं, ट्विटरसारखं कू जुलै २०२४ मध्ये बंद पडलं. नुसत्या आवाजात गप्पा मारायचं क्लबहाउस मे २०२१ मध्ये अँड्रॉइडवर आलं तेव्हा रात्र रात्र मराठी गप्पा रंगायच्या. आज ते कुणाच्या फोनमध्ये सापडलं तर नवल.

लवकर जाण्याचा फायदा खरा आहे, पण जागा टिकेल याची हमी कुणी देत नाही. म्हणून पद्धत अशी हवी: कमी खर्चात लवकर शिरायचं, आलेला ग्राहक लगेच आपल्या वहीत उतरवून घ्यायचा, आणि जागा ओस पडू लागली की फारसं वाईट न वाटता निघायचं. लेखात उदाहरणासाठी एक काल्पनिक उद्योग धरू: डोंबिवलीतून मालवणी मसाला, मेतकूट आणि कोकम आगळ विकणारा घरगुती व्यवसाय, काम करणारी दोन माणसं, जाहिरातीचं बजेट जवळपास शून्य.

लवकर गेल्याने नेमकं मिळतं काय

नव्या अ‍ॅपवर बघणारे पटकन येतात, टाकणारे हळूहळू येतात. अ‍ॅप उघडलं की समोर काहीतरी दिसलंच पाहिजे, नाहीतर माणूस परत येणार नाही. त्यामुळे सुरुवातीला अ‍ॅप अनोळखी खात्याचाही मजकूर भरभरून दाखवतं. शून्य फॉलोअर असलेल्या मसालेवाल्याचा व्हिडिओ हजारो लोकांसमोर जाऊ शकतो, तो याच टप्प्यात. पुढे टाकणारे वाढतात, मग जाहिराती येतात आणि फुकटची पोच आटते. फेसबुक पेजवाल्यांनी हे २०१४ च्या आसपास अनुभवलं आहे.

हा काळ किती असतो? इन्स्टाग्रामवाल्यांच्या, मजकुरासाठीच्या थ्रेड्सचं बघा. ते ५ जुलै २०२३ ला आलं आणि पाच दिवसांत १० कोटी नोंदण्या झाल्या. जाहिरातींची चाचणी जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका आणि जपानमध्ये झाली, एप्रिलमध्ये त्या जगभरच्या जाहिरातदारांना खुल्या झाल्या. म्हणजे साधारण दीड-पावणेदोन वर्षं मोकळं मैदान होतं. सगळ्यांना एवढा अवधी मिळत नाही, पण पहिल्याच दिवशी उडी मारली पाहिजे असंही नाही. पहिल्या दिवशी फक्त नाव अडवायचं. कामाला महिन्या-दोन महिन्यांनी लागलात तरी उशीर होत नाही.

दुसरा फायदा कमी बोलला जातो. नव्या जागी तुमच्या क्षेत्रातले मोठे ब्रँड अजून मंजुऱ्या घेत असतात. ‘मालवणी मसाला’ शोधल्यावर पहिली चार नावं कोणती दिसणार हे त्या काळात ठरतं.

कुठलंही अ‍ॅप यायच्या आधीची तयारी

हे काम कंटाळवाणं आहे आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

आधी नाव. एक्सवर (आधीचं ट्विटर) वापरकर्त्याचं नाव १५ अक्षरांपेक्षा लांब चालत नाही, इन्स्टाग्रामवर ३० पर्यंत चालतं. अधोरेखा म्हणजे अंडरस्कोर एका ठिकाणी चालतो, ब्लूस्कायवर (हेही एक्ससारखंच) चालत नाही. म्हणून पहिल्यापासून १५ इंग्रजी अक्षरांच्या आत बसणारं, फक्त अक्षरं (आणि गरज असेल तर आकडे) असलेलं नाव ठरवा. टिंब, रेघ काही नको. आपल्याकडे आणखी एक भानगड असते: ‘मालवणी’ इंग्रजी अक्षरांत व्ही वापरूनही लिहितात आणि डब्ल्यू वापरूनही. ‘आगळ’मधला ‘ळ’ कुणी एका एलने लिहितं, कुणी दोन. ज्या स्पेलिंगवर दोन माणसांचं एकमत होत नाही ते नावात नकोच. चार ओळखीच्यांना फोनवर नाव सांगा आणि टाइप करायला लावा. तीन जणांनी सारखं लिहिलं तर नाव चालेल.

नाव पक्कं झाल्यावर त्याच नावाचा डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता घ्या. डॉट इनचा डोमेन पहिल्या वर्षासाठी साधारण हजार रुपयांच्या आत येतो. ब्लूस्कायवर तर स्वतःचा डोमेन हेच वापरकर्त्याचं नाव म्हणून लावता येतं, वेगळ्या निळ्या खुणेसाठी पैसे मोजावे लागत नाहीत. धंदा जम धरत असेल तर ट्रेडमार्कचाही विचार करा. व्यक्ती आणि लघुउद्योगांना ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. मसाले ३० व्या वर्गात मोडतात, लोणची २९ व्या. तुमच्या नावाने दुसऱ्या कुणी खातं उघडलं तर तक्रार करताना ट्रेडमार्कचा नंबर हातात असणं फार उपयोगी पडतं.

मग किल्ल्या. धंद्यासाठी वेगळा ईमेल आणि वेगळं सिम घ्या, दोन्ही मालकाच्या नावावर. भाच्याच्या ईमेलवर उघडलेलं खातं भाचा नोकरीसाठी पुण्याला गेला की अडकतं, आणि ओटीपी त्याच्या बंद झालेल्या नंबरावर जात राहतो. प्रत्येक खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा. अ‍ॅपने बॅकअप कोड दिले तर कागदावर लिहून बिलांच्या फाइलमध्ये ठेवा. फोन हरवला की हाच कागद कामाला येतो. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसला सहा आकडी पिन लावायला विसरू नका.

शेवटी एक फोल्डर तयार करा: चौकोनी लोगो, प्रत्येक मालाचे तीन-तीन फोटो, ८० अक्षरांची आणि १५० अक्षरांची ओळख, किंमतपत्रक, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नपरवान्याचा १४ आकडी नंबर. हे तयार असेल तर नवं खातं वीस मिनिटांत उभं राहतं.

कुठे जायचं, कुठे नुसतं नाव अडवून ठेवायचं

‘नवं प्लॅटफॉर्म’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर नवं अ‍ॅप येतं. प्रत्यक्षात छोट्या धंद्याला सगळ्यात जास्त फायदा जुन्या अ‍ॅपमध्ये आलेल्या नव्या सोयीचा होतो. रील्स, शॉर्ट्स, सप्टेंबर २०२३ मध्ये भारतात आलेली व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल्स ही सगळी त्याच जातीची. तिथे माणसं आधीच बसलेली असतात, त्यांना नवं काही डाउनलोड करायचं नसतं, आणि कंपनीला नवी सोय रुजवायची घाई असल्यामुळे ती तिला पुढे ढकलते. थ्रेड्स एवढ्या झपाट्याने वाढलं तेही इन्स्टाग्रामच्याच खात्याने आत जाता येत होतं म्हणून. आमचं स्पष्ट मत: वेळ कमी असेल तर जुन्या अ‍ॅपमधली नवी सोय आधी, कोरं अ‍ॅप नंतर.

कोऱ्या अ‍ॅपबाबत निर्णय घेताना एवढं तपासा. तुमच्या शेवटच्या वीस ग्राहकांपैकी किती जण तिथे आहेत, हे त्यांना सरळ विचारा; तीनही नसतील तर थांबा. शोधपट्टीत देवनागरीत ‘मसाला’, ‘फराळ’, ‘लोणचं’ टाकून बघा, काही येतं का आणि ते गेल्या आठवड्यातलं आहे का. पोस्टमध्ये किंवा प्रोफाइलमध्ये दाबता येणारी लिंक देता येते का? यूट्यूबने ऑगस्ट २०२३ च्या अखेरीपासून शॉर्ट्सच्या वर्णनातल्या आणि कमेंटमधल्या लिंक निकामी केल्या, त्यामुळे तिथे लिंक चॅनेलच्या प्रोफाइलवरच ठेवावी लागते. अशा गोष्टी आधी कळलेल्या बऱ्या. आणि कंपनी पैसे कशातून कमावणार आहे? उत्तर कुठेच सापडत नसेल तर ते अ‍ॅप दोन वर्षांनी असेल असं धरू नका.

अरट्टईचं उदाहरण घ्या. चेन्नईच्या झोहो कंपनीचं हे अ‍ॅप २०२१ पासून होतं, पण सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस स्वदेशीच्या लाटेत अचानक लाखोंनी नोंदण्या झाल्या. अशा वेळी योग्य काम म्हणजे धंद्याच्या नंबरावर खातं उघडणं, चॅनेलचं नाव घेणं, किंमतपत्रक टाकणं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ग्राहकांना ‘आता इकडे या’ म्हणणं हे चुकीचं. ग्राहक जिथे आहे तिथून त्याला दुसरीकडे नेणं छोट्या दुकानाला झेपत नाही, आणि त्यात नेहमी काही गळतातच.

प्रोफाइल: एका नजरेत तीन उत्तरं

काय विकता, कुठे पोचवता, मागवायचं कसं. एवढंच.

‘परंपरा, शुद्धता आणि विश्वास यांचा संगम’ ही ओळ कुणाही मसालेवाल्याची असू शकते. त्याऐवजी: ‘मालवणी मसाला, मेतकूट, आगळ. डोंबिवलीहून भारतभर कुरिअर. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर, खालची लिंक.’ दाखवायचं नाव देवनागरीत ठेवा, वापरकर्त्याचं नाव इंग्रजी अक्षरांत. म्हणजे दोन्ही लिपींत शोधणाऱ्याला सापडाल. खातं ‘बिझनेस’ प्रकारचं करण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या: इन्स्टाग्रामवर बिझनेस खात्याला चित्रपटगीतांचा पूर्ण संग्रह मिळत नाही, धंद्याला परवानगी असलेलं संगीतच वापरता येतं. वैयक्तिक खातं ठेवून गाजलेलं गाणं लावलं आणि खाली माल विकला, तर आवाज बंद होण्याची किंवा व्हिडिओ उडण्याची पाळी येते.

पहिला आठवडा विकायचं नाही

रोज वीस मिनिटं फक्त बघा आणि बोला. लोक तिथे लांब लिहितात की एका ओळीत, मराठी कोणत्या वळणाची आहे, किती वाजता गर्दी असते. रोज पाच-सहा ठिकाणी अर्थपूर्ण उत्तर द्या. कुणी विचारलं ‘मालवणी आणि आगरी मसाल्यात फरक काय?’, तर तीन ओळींत नीट सांगा; दुकानाचं नाव त्या उत्तरात घालू नका, ते प्रोफाइलवर आहेच. थ्रेड्स, ब्लूस्काय यांसारख्या मजकुराच्या जागी नव्या खात्याची पोच मुख्यतः अशा उत्तरांमधूनच वाढते. ‘खूप छान’, ‘मस्तच’ असल्या कमेंटने काहीच हलत नाही.

याच आठवड्यात चार-पाच पोस्ट करून ठेवा, नाहीतर उत्तर वाचून प्रोफाइलवर आलेल्या माणसाला रिकामं घर दिसेल.

एका दिवसाचं शूटिंग, महिन्याचा मजकूर

नव्या जागेसाठी रोज नवं काही बनवायला बसलात तर तिसऱ्या आठवड्यात दम संपेल. महिन्यातून एक दिवस सलग चित्रण करा. मसाल्याच्या धंद्यात हा दिवस आपसूक ठरतो: मार्च ते मे या काळातला, मिरच्या उन्हात टाकण्यापासून कांडपापर्यंतचा.

फोन उभा, प्रमाण ९ बाय १६, आकार १०८० गुणिले १९२०. मिरच्यांची देठं काढतानाचे हात. बेडगी, संकेश्वरी आणि लवंगी शेजारी शेजारी ठेवून. कढईत धणे पडतानाचा आवाज. मिरच्या भाजताना खोकला आवरत खिडकी उघडणारी बाई. कांडपाचा ठोका. चाळणीतून पडणारी पूड. वजनकाट्यावर पाव किलोचं पाकीट. प्रत्येक तुकडा आठ-दहा सेकंदांचा, संगीत नको, खरा आवाज तसाच राहू द्या. असे २५-३० तुकडे झाले की महिनाभराचं साहित्य आलं.

आता कापणी. व्हिडिओचे पहिले दोन सेकंद सगळं ठरवतात. लोगो फिरत येणं, ‘नमस्कार मंडळी, आज आपण पाहणार आहोत’ हे सगळं काढा. सरळ कढईतल्या मिरच्या आणि खोकला. त्यावर एकच ओळ: ‘रंग बेडगीचा, ठसका लवंगीचा’. मग तीन मिरच्यांचं काम तीन वाक्यांत: कोणती रंग देते, कोणती तिखटपणा, दोन्हींचं प्रमाण बदललं की रस्सा कसा बदलतो. शेवटी पाकीट आणि किंमत. एकूण २५ ते ३५ सेकंद. शॉर्ट्स आणि रील्स दोन्हीकडे आता तीन मिनिटांपर्यंत मुभा आहे, पण मुभा आहे म्हणून लांबवू नये.

पडद्यावरचा मजकूर उंचीच्या मधल्या भागात ठेवा. खालचा साधारण पाचवा हिस्सा आणि उजवी कड अ‍ॅपच्या बटणांखाली झाकली जाते. देवनागरीची वेगळी परीक्षा घ्या: संपादनाच्या अ‍ॅपमधल्या बऱ्याच फॉन्टमध्ये जोडाक्षरं तुटतात, ‘र्‍या’चा रफार होतो, ‘ट्र’चा पाय हरवतो. ‘तुमच्या दुसऱ्या राष्ट्रातल्या भावासाठी’ असं एक वाक्य टाकून बघा. मुक्ता, बालू किंवा नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट सहसा धोका देत नाहीत.

त्याच चित्रणातून तीन वेगळ्या गोष्टी निघतात. व्हिडिओच्या जागेसाठी वरचा तुकडा. मजकुराच्या जागेसाठी: ‘मालवणी मसाला घेताना नुसता लालभडक रंग बघू नका. रंग बेडगीचा असतो, तिखटपणा नाही. दुकानदाराला विचारा: यात बेडगी किती, लवंगी किती?’ सोबत तीन मिरच्यांचा फोटो. आणि व्हॉट्सअ‍ॅप चॅनेलसाठी: ‘नवा मसाला शनिवारी कांडून येतोय. पाव किलो, अर्धा किलो. नावं नोंदवा.’ माल एकच आहे, बोलण्याची तऱ्हा जागेप्रमाणे बदलली.

एका अ‍ॅपवरून डाउनलोड केलेला, त्यांचा शिक्का असलेला व्हिडिओ दुसऱ्यावर कधीही टाकू नका. इन्स्टाग्रामने २०२१ मध्येच जाहीर केलं होतं की दुसऱ्या अ‍ॅपचा शिक्का दिसणाऱ्या रील्स कमी पुढे ढकलल्या जातील. मूळ फाइल फोनमध्ये जपून ठेवा आणि सगळीकडे तीच चढवा.

किती टाकायचं? व्हिडिओच्या प्लॅटफॉर्मवर आठवड्याला तीन, मजकुराच्या प्लॅटफॉर्मवर दिवसाला एक आणि शिवाय उत्तरं. यापेक्षा जास्त दोन माणसांना माल बनवून झेपत नाही.

ग्राहक वहीत कसा उतरवायचा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि हाच बहुतेक ठिकाणी कच्चा राहतो. कू बंद झालं तेव्हा तिथे हजारो फॉलोअर जमवलेल्या दुकानांना त्यातला एकही बरोबर नेता आला नाही. फॉलोअर अ‍ॅपचे असतात, फोन नंबर तुमचा.

व्हॉट्सअ‍ॅपची थेट गप्पांची लिंक बनवा: डब्ल्यूए डॉट एमई, तिरपी रेघ, मग ९१ आणि पुढे दहा आकडी नंबर, अधिकचं चिन्ह, शून्य, मोकळी जागा काही नाही. या लिंकला आधीच लिहिलेला निरोप जोडता येतो: प्रश्नचिन्ह, इंग्रजी अक्षरांत ‘टेक्स्ट’ हा शब्द, बरोबरचं चिन्ह आणि पुढे निरोप. युक्ती अशी की प्रत्येक प्लॅटफॉर्मसाठी निरोप वेगळा ठेवायचा. थ्रेड्सच्या प्रोफाइलवरच्या लिंकमध्ये ‘थ्रेड्स’, यूट्यूबच्या लिंकमध्ये ‘शॉर्ट्स’. ग्राहकाने लिंक दाबली की तोच शब्द टाइप होऊन येतो आणि माणूस कुठून आला हे न विचारता कळतं. निरोप एकाच शब्दाचा ठेवा. मोकळी जागा आली की काही अ‍ॅपमध्ये लिंक तिथेच तुटते. प्रोफाइलवर लावण्याआधी दोन वेगळ्या फोनवर दाबून बघा.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये त्या माणसाला लगेच लेबल लावा. लेबलं २० पर्यंत करता येतात: प्रत्येक प्लॅटफॉर्मचं एक, शिवाय ‘चौकशी’, ‘पैसे आले’, ‘पाठवलं’, ‘पुन्हा घेतलं’. कॅटलॉगमध्ये माल, वजन आणि किंमत भरून ठेवा, म्हणजे ‘रेट काय’ याचं उत्तर एका बोटाने जातं. कमेंटमध्ये किंमत विचारणाऱ्याला ‘इनबॉक्स बघा’ म्हणू नका, किंमत तिथेच सांगा. लपवलेल्या किमतीने गिऱ्हाईक बिचकतं.

पहिलं पार्सल हातात पडल्यावर विचारा: ‘नवा मसाला आला की कळवू का? चालत असेल तर आमचा नंबर सेव्ह करा.’ हे सौजन्य तर आहेच, तांत्रिक गरजही आहे: ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच निरोप एकदम अनेकांना पाठवायच्या यादीत, २५६ जण बसतात आणि तुमचा नंबर ज्याच्याकडे सेव्ह आहे त्यालाच निरोप पोचतो. न विचारता धडाधड निरोप पाठवले की लोक ‘तक्रार करा’ दाबतात, आणि अशा पुरेशा तक्रारींवर नंबरच बंद होतो. ज्या नंबरवर सगळा धंदा चालतो तो बंद होणं म्हणजे दिवाळीच्या तोंडावर दुकानाला कुलूप.

व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल काढा, पण त्याला यादी समजू नका. चॅनेलच्या फॉलोअरचे नंबर तुम्हाला दिसत नाहीत, आणि पोस्ट अपडेट्सच्या पानावर जाऊन पडते. घोषणेसाठी ते उत्तम, ग्राहक जपण्यासाठी नाही. नाव, नंबर, गाव, काय घेतलं, कधी घेतलं, कुठून आला: हे सहा रकाने साध्या शीटमध्ये किंवा वहीत स्वतः भरा आणि दर रविवारी त्याची एक प्रत ईमेलवर टाका.

सहा आठवड्यांचा हिशोब

नव्या जागेला सहा आठवडे द्या, आठवड्याला चार तास. तारीख आधीच लिहून ठेवा, नाहीतर ‘अजून थोडं बघू’ करत वर्ष जातं.

स्वतःच्या वेळेला किंमत लावायची. समजा तासाला १५० रुपये. २४ तासांचे ३,६०० झाले, नमुन्याच्या पाकिटांचे ६०० धरा, खर्च ४,२००. या काळात त्या प्लॅटफॉर्मच्या लेबलखाली २८ चौकश्या आणि ९ ऑर्डरी आल्या. सरासरी ऑर्डर ६५० रुपयांची आणि माल, पॅकिंग, कुरिअर जाऊन ४० टक्के उरतात असं धरलं तर एका ऑर्डरमागे २६० आणि नऊंचे २,३४०. वरवर १,८६० चा तोटा. पण त्या नऊंपैकी चौघांनी वर्षात आणखी दोनदा मसाला नेला, तर आठ ऑर्डरींचे २,०८० वाढतात आणि हिशोब २२० रुपयांनी वर येतो. म्हणून वहीतला ‘पुन्हा घेतलं’ हा शिक्का फॉलोअरच्या आकड्यापेक्षा जास्त सांगतो. मसाल्यासारख्या संपणाऱ्या मालात असंच होतं. पैठणी किंवा फर्निचर विकत असाल तर पहिल्याच विक्रीत खर्च निघायला हवा, तिथे सहा आठवडेही अपुरे, तीन महिने धरा.

सहा आठवड्यांनंतर चौकश्या दहाच्या आत असतील तर मजकूर टाकणं थांबवा. चौकश्या भरपूर पण ऑर्डरी नाहीत, तर दोष प्लॅटफॉर्मचा नाही. किंमत, कुरिअरचा खर्च किंवा उत्तराला लागणारा वेळ तपासा. नव्या अ‍ॅपवर अनोळखी माणसाचा निरोप बऱ्याचदा ‘विनंत्या’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात पडतो आणि चार दिवस कुणाला दिसतच नाही. दिवसातून दोनदा तो कप्पा उघडा.

कुठे घोडं अडतं

तोतया खाती. नव्या जागी ओळख पटवण्याची व्यवस्था कच्ची असते, त्यामुळे तुमचे फोटो उचलून दुसरा कुणीतरी आगाऊ पैसे गोळा करू शकतो. हापूसच्या आणि फराळाच्या हंगामात हे हमखास घडतं. सगळ्या प्रोफाइलवर एक पोस्ट वर टाचून ठेवा: आमचा हा एकच नंबर, यूपीआयवर पैसे भरताना अमुक नाव दिसेल, दुसरं दिसलं तर भरू नका. ग्राहक फसलाच तर त्याला ताबडतोब १९३० या सायबर मदतक्रमांकावर फोन करायला सांगा; जितक्या लवकर, तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता जास्त.

विकत घेतलेले फॉलोअर. नवं अ‍ॅप तुमचा व्हिडिओ आधी थोड्या लोकांना दाखवून त्यांचा प्रतिसाद बघतं. त्यात मेलेली खाती भरली असतील तर प्रतिसाद शून्य आणि पोच तिथेच खुंटते. पैसे देऊन स्वतःची वाट अडवण्याचा प्रकार आहे हा.

फुकट पाकीट देऊन कुणाकडून व्हिडिओ करून घेणं वाईट नाही, नव्या जागी तर फारच स्वस्त पडतं. पण जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या नियमांनुसार फुकट मिळालेल्या वस्तूबद्दलही ती जाहिरात किंवा भेट असल्याचं ठळक लिहावं लागतं. खाली वीस हॅशटॅगांच्या गर्दीत लपवलेलं चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. ‘मेतकुटाने मधुमेह बरा होतो’ असलं वाक्य कुणा उत्साही मित्राने लिहिलं तरी काढायला लावा; आजार बरा करण्याच्या दाव्यांना १९५४ पासून वेगळा कायदा आहे.

आणि एक साधी गोष्ट: नव्या अ‍ॅपने फोनमधले सगळे संपर्क मागितले तर नाही म्हणा. त्या यादीत तुमचे ग्राहक आहेत, त्यांनी नंबर तुम्हाला दिलाय, अ‍ॅपला नाही.

जाहिराती आल्यावर आणि निघताना

प्लॅटफॉर्मवर जाहिराती नुकत्याच सुरू झाल्या की बोली लावणारे थोडे असतात आणि दर पडलेले असतात. रोज दोनशे रुपये, दहा दिवस, फक्त त्या व्हिडिओवर ज्याने फुकटात सगळ्यात जास्त चौकश्या आणल्या. सगळ्यात जास्त लाइक आणल्या त्यावर नाही. लक्ष्य मुंबई, ठाणे, पुणे एवढंच ठेवा, म्हणजे कुरिअरचा खर्च आवाक्यात राहतो. आधीच्या फुकटच्या चौकशीला किती खर्च आला होता हे वहीत आहे, त्याच्या दुपटीच्या वर गेलं की थांबा.

निघायची वेळ कशी ओळखायची? तुमची पोच कमी होणं ही खूण नाही, ते सगळ्यांचं होतं. पण शोधपट्टीत तुमच्या क्षेत्रातल्या ताज्या पोस्ट महिना महिना सापडत नसतील, उत्तरं देणारी तीच ती दहा नावं दिसत असतील, अ‍ॅपचं अपडेट आलेलं नसेल, तर आवरतं घ्या. सेटिंग्जमधून स्वतःची माहिती आणि सगळे व्हिडिओ उतरवून घ्या. बंद पडण्याची घोषणा झाल्यावर सगळे एकदम धावतात आणि सर्व्हर मान टाकतो. शेवटची पोस्ट वर टाचा: आम्ही आता इथे भेटतो, हा नंबर.

खातं मात्र पुसू नका. नाव मोकळं झालं की दुसरा कुणी ते उचलेल आणि तुमच्या जुन्या ग्राहकांना पैसे मागेल. नुसतं जिवंत ठेवा: एक्स सांगतं की ३० दिवसांतून एकदा तरी लॉगिन करा, गुगल दोन वर्षं न वापरलेलं खातं पुसू शकतं. फोनच्या कॅलेंडरमध्ये दर महिन्याच्या एक तारखेला गजर लावा आणि झोपलेली सगळी खाती एका बैठकीत उघडून बंद करा. पाच खात्यांना दहा मिनिटं पुरतात.